जुना तंबोरा, इंदूर ते रत्नागिरी : प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर २०२४

आज घटस्थापना. रत्नागिरीतल्या माझ्या गाण्याच्या वर्गासाठी खरा तंबोरा घ्यायचा, असं पाच वर्षं नुसतं बोलते आहे. आज वहीत लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

वर्गात अकरा मुलं आहेत. आजवर फोनमधल्या तंबोऱ्यावर भागवलं. त्याचा सूर कधी चुकत नाही आणि नेमकं तेच मला खुपतं. मुलांनी तारेवर सूर शोधलाच नाही, तर तो सापडला हे त्यांना कळणार कसं? माझ्या बाईंनी मला पहिले तीन महिने फारसं गाऊ दिलं नव्हतं. जोडीच्या दोन तारा (मधल्या, एकाच सुराच्या) लावायला बसवायच्या. दोन्ही मिळून एकच तार वाजते आहे असं वाटलं की मान हलवायची, एवढंच काम. त्या तीन महिन्यांनी मला जे दिलं ते या मुलांनाही मिळावं.

हवा आहे जनानी तंबोरा. मुली आणि लहान मुलं काळी चार, काळी पाचमध्ये, म्हणजे उंच पट्टीत गातात. मर्दानी तंबोरा पाच फुटांच्या आसपास असतो, तो इतका वर चढवला तर तारा तुटतात. जनानी साडेतीन ते चार फुटांचा. तंबोरे जिथे बनतात त्या मिरजेत नवा करून घेणं हा सरळ रस्ता, पण सगळं धरून माझ्याकडे २२ हजार आहेत आणि मला हवा तसा नवा त्यात बसत नाही. म्हणून जुना बघायचा. चांगला जुना तंबोरा नव्यापेक्षा कमी असतो असं मी मानतही नाही. लाकूड मुरलेलं असतं, दांडी वाकायची असेल तर एव्हाना वाकून गेलेली असते.

६ ऑक्टोबर

तीन रात्री जाहिराती बघितल्या. जिला 'तानपुरा' म्हटलंय ती दोन ठिकाणी सरळ सरळ सतार आहे, दांडीवर पडदे दिसत आहेत, तंबोऱ्याला ते नसतात. एका जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधलं, तर तोच तंबोरा परदेशातल्या एका दुकानाच्या पानावर निघाला. हा शोध प्रत्येक फोटोचा घ्यायचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

'हस्तिदंती नक्षी' असं अभिमानाने लिहिलेले दोन तंबोरे दिसले. बहुतेक वेळा ते सेल्युलॉइड, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक असतं. खरोखर हस्तिदंत असेल तर त्याच्या व्यापाराला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. दोन्ही यादीतून काढले.

११ ऑक्टोबर

आज १,५०० रुपये गेले. कसे गेले ते नीट लिहून ठेवते.

माणूस म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली, बायकोचा तंबोरा आहे, ६ हजारांत देतो. ओळखपत्राचा फोटो पाठवला. तंबोरा फोटोत सुंदर होता. व्हिडिओवर दाखवा म्हटलं तर 'छावणीत व्हिडिओला परवानगी नाही'. हे ऐकून मी थांबायला हवं होतं. पण दसऱ्याला मुलांसमोर तंबोरा ठेवायचा हे डोक्यात पक्कं बसलं होतं आणि गाडीच्या बुकिंगचे म्हणून मी १,५०० पाठवले. तासाभरात दुसरा फोन : पावती अडकली आहे, पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. तिथे मात्र हात थांबला. पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. असा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. व्यवहाराचा क्रमांक, त्याचा नंबर, सगळ्या संवादाचे स्क्रीनशॉट जपून ठेवले आहेत. असा फोन पहिल्या तासाभरात केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते, हे मला आज पहिल्यांदा कळलं.

१३ ऑक्टोबर

स्वतःसाठी ठरवलं : वाद्य चालू व्हिडिओवर बघितल्याशिवाय एक रुपया नाही. ओळखीच्या कुणीतरी हातात घेतल्याशिवाय सौदा नाही. कुणी घाई केली तर तिथेच नमस्कार.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आजपर्यंत मी 'वाजतो कसा' हेच विचारत होते. तंबोऱ्याची जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याची घासणी, जिच्यामुळे तार गुंजते) पुन्हा लावता येते, तारा बदलता येतात, खुंटी नवी बसवता येते. भोपळा, त्यावरचं लाकडी झाकण म्हणजे तबली, आणि दांडी यांचं तसं नाही. तेव्हा पैसे द्यायचे ते या तिघांना, आवाजाचं मिरजेत बघता येईल. यापुढे प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे.

१९ ऑक्टोबर

जाहिराती बंद केल्या आणि फोन हातात घेतला. बाईंकडे माझ्याबरोबर शिकलेल्या सगळ्यांना एकेक करून विचारलं. सातवा फोन इंदूरला, लग्न होऊन तिकडे गेलेल्या गुरुभगिनीला. ती म्हणाली, "अगं, आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंकडे आहे. त्यांच्या सासूबाईंचा. पंधरा वर्षं भिंतीला टांगलाय."

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदा. मराठी घरं तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत आणि घरात गाणं होतं. उस्ताद अमीर खाँ इंदूरचे. कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत देवासला राहिले. अशा गावांत एखाद्या भिंतीवर मिरजेचा तंबोरा टांगलेला असणं अगदी साहजिक, आणि मी मात्र जाहिरातींत शोधत बसले होते.

संध्याकाळी काकूंशी बोलले. मी तंबोऱ्याबद्दल विचारण्याआधी त्यांनीच माझी उलटतपासणी घेतली. कुणाकडे शिकलात, वर्ग कुठे भरतो, मुलं किती, तंबोरा रोज गवसणीतून (कापडी खोळीतून) निघेल ना? भाच्याने त्यांना बजावलंय, अनोळखी माणसाला पत्ता द्यायचा नाही. बरोबरच आहे त्याचं. मी गेला आठवडाभर स्वतःची फसवणूक मनात घोळवत होते. पलीकडे एकट्या राहणाऱ्या बाईला माझी भीती वाटू शकते, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. त्यांना वर्गाचे फोटो, मागच्या गुरुपौर्णिमेचा व्हिडिओ आणि माझ्या घराचा पत्ता आधी पाठवला. मग म्हटलं, "काकू, घाई नाही. दिवाळीचं सगळं आटपू दे."

२२ ऑक्टोबर

काकूंनी भाच्याकडून फोटो काढून घेतले. मी मागितलेले कोन असे : भोपळा मागून आणि दोन्ही बाजूंनी. जिथे तंबोरा जमिनीला टेकतो ती जागा. दांडी आणि भोपळा जुळतात तो गळा चारही बाजूंनी. घोडीचा माथा जवळून. खुंट्या एकेक. आणि तबलीचा एक फोटो खोलीतला दिवा बंद करून, बाजूने टॉर्च आडवी धरून. सरळ उजेडात तबली नेहमी सपाट दिसते. आडव्या उजेडात खड्डा असेल तर सावली पडते.

सावली घोडीखाली थोडी आहे. चार तारांचा ताण वर्षानुवर्षं घोडी दाबत असतो, त्यामुळे थोडी तबली बसतेच. किती, ते फोटोवरून सांगता येत नाही.

भोपळ्याच्या डाव्या अंगाला केसाएवढी रेघ. पॉलिश तडकलंय की भोपळा? विचारलं. काकू म्हणाल्या, "ती रेघ मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे." चाळीस वर्षं वाढली नसेल तर मला तिची भीती नाही, पण नोंद करून ठेवते.

किडीची भोकं फोटोत दिसत नाहीत. गवसणीच्या तळाशी पिवळसर भुकटी आहे का बघायला सांगितलं. नाही म्हणाल्या.

टेपने मोजून घेतलं : अटीपासून (दांडीच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) घोडीपर्यंत ३० इंच. ही तारेची वाजती लांबी, वाद्याची पूर्ण उंची नव्हे. जनानीच आहे.

२७ ऑक्टोबर

आज व्हिडिओ कॉलवर तंबोरा ऐकला आणि काळजात चर्र झालं. तार छेडली की टण्, आणि दोन-तीन सेकंदांत आवाज गायब. आस (तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद) नाहीच. मी जवळजवळ नाद सोडला होता.

रात्री जेवताना लक्षात आलं. कॉलमधली यंत्रणा माणसाचं बोलणं ठेवते आणि सलग चालणारा आवाज, म्हणजे पंखा, मिक्सर, गाडीचं इंजिन, काढून टाकते. तिच्या लेखी तंबोराही पंखाच. खात्री करायला शेजारच्या आळीतल्या सरांकडे गेले. त्यांचा तंबोरा मला पाठ आहे. त्यांना दुसऱ्या खोलीतून कॉल लावायला सांगितला. तोही तसाच, टण् आणि शांतता.

फोनच्या छोट्या स्पीकरचा दोष वेगळाच. काळी चारला खर्ज (सगळ्यात खालचा सा) सुमारे १०४ हर्ट्झवर असतो, तिथे फोनचा स्पीकर जवळजवळ मुका. म्हणजे खर्जाबद्दल फोनवर काही ठरवणं हा अन्यायच.

उद्या काकूंच्या भाच्याला सांगायचं : फोनच्या रेकॉर्डरवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रण कर, फोन घोडीपासून हातभर लांब, पंखा बंद, आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. तशीच फाइल सरांच्या तंबोऱ्याची करायची. दोन्ही एकाच हेडफोनवर ऐकायच्या.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. फाइल आली. तारा गंजलेल्या आहेत हे ऐकूही येतं. पण आस आहे. बारा सेकंद मोजली.

१० नोव्हेंबर

आज गुरुभगिनी काकूंकडे जाऊन आली. सव्वा तास माझ्याशी फोनवर होती आणि मी सांगत गेले ते ते तिने केलं. नव्या तारांचा संचही तिने स्वतःहून नेला होता. तिचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही.

दांडी : अटीपासून घोडीपर्यंत दांडीलगत दोरा ताणून धरला. मध्ये कुठे दांडी दोऱ्यापासून लांब जाते का ते बघायचं. जात नाही. नंतर बंदुकीसारखी डोळ्याशी धरून बघितली, पीळही नाही.

तबली : स्टीलची पट्टी आडवी ठेवली. घोडीजवळ फटीत दोन पोस्टकार्डं जातात, तिसरं जात नाही. हे मला चालेल.

गळा : जोडात कागद घुसवायचा प्रयत्न केला, कुठेच शिरला नाही. तंबोरा पडलेला असेल तर बहुधा गळ्याशी उकलतो, म्हणून इथे तिला तीनदा बघायला लावलं.

भोपळा : बोटाच्या पेराने सगळीकडे टिचक्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखाच भरीव आवाज. मागच्या बाजूला एका ठिकाणी किंचित बद्द वाटलं असं ती म्हणाली. पॉलिश मात्र अखंड आहे.

खुंट्या : तीन जुन्या, चौथी नंतर कुणीतरी बसवलेली, ती घसरते. खडू लावून तात्पुरती टिकली.

घोडी : माथ्यावर तारांच्या खोल चऱ्या. जवारी अर्थातच गेलेली.

नवी खर्जाची तार चढवून, घोडीवर तारेखाली घालायचा जवारीचा दोरा सरकवत सरकवत तिने एक जागा शोधली आणि फोन बंद करून मला फाइल पाठवली. खर्जाच्या पाचव्या स्वरांशातून (त्याच तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या सुरातून) गंधार निघतो. गेलेल्या जवारीवरसुद्धा, अगदी पुसट, पण तो निघत होता. मी फाइल सहा वेळा ऐकली.

१२ नोव्हेंबर

मिरजेच्या कारागिरांना सगळे फोटो आणि मोजमापं पाठवली. हे घर पिढ्यान् पिढ्या याच कामात आहे. ते म्हणाले, "तबली फारशी बसली नाही, दांडी सरळ आहे, मग घ्या. बाकीचं आमच्याकडे सोडा." नवी घोडी, जवारी, एक खुंटी, तारा आणि हलकं पॉलिश, चार ते साडेचार हजार.

काकूंनी १५ हजार सांगितले होते. मी त्यांना हा सगळा हिशोब वाचून दाखवला आणि १३ म्हटलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "चालेल, पण एक अट. मुलं गातील ते मला ऐकवायचं." यापुढे एक रुपयासुद्धा ओढायचा नाही असं मी ठरवलं. ज्या माणसाने तासन् तास टॉर्च धरून आपल्या वस्तूचे दोष दाखवले, त्याच्याशी याहून जास्त घासाघीस करणं मला बरं वाटत नाही.

१४ नोव्हेंबर

विसाराचे १,००० पाठवायचे होते. आधी एक रुपया पाठवला, काकूंना फोन करून आला का विचारलं, पडद्यावर दिसलेलं नाव त्यांच्याच तोंडून पडताळून घेतलं, मग बाकीचे ९९९.

साध्या कागदावर पत्र केलं : वाद्याचं वर्णन, लांबी, माहीत असलेले दोष (रेघ, खुंटी, घोडी), किंमत, विसार, उरलेले १२ हजार प्रत्यक्ष बघून देणार, बघितल्यावर वर्णनाशी जुळलं नाही तर विसार परत. दोघींच्या सह्या, एकेक प्रत. काकू म्हणाल्या, "घरातल्या घरात कशाला गं कागद?" पण भाच्याला बरं वाटलं. कागद दोघींच्याही रक्षणाला आहे, हे त्यांना नंतर पटलं.

२० नोव्हेंबर

तंबोरा आणायचा कसा? गेले चार दिवस हाच घोळ.

कुरिअरवाले घेतात, पण वाद्याचा विमा नाही. लाकडी पेटी करून घ्यायची तर खर्च प्रवासाइतकाच. खाजगी बसच्या डिकीतून पार्सल स्वस्त पडतं. पण माझ्या बाईंचा एक तंबोरा असाच बसने आला होता. गवसणी उघडली तेव्हा भोपळ्याचे कपचे ओंजळीने उचलावे लागले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. बाई काही बोलल्या नाहीत, तो आठवडाभर वर्ग भरला नाही.

भोपळा म्हणजे सोलापूरकडच्या शेतात वाढलेलं, वाळवलेलं फळ आहे. त्याचं कवच आहे, लाकूड नव्हे. कागदावर 'नाजूक' लिहिल्याने हमालाच्या हातात फरक पडत नाही. मी स्वतः जाणार. रजा, तिकिटं, सगळं धरूनही हेच स्वस्त.

काळही हाच बरा. रत्नागिरीच्या पावसात आणायचा नाही, इंदूरच्या मे महिन्यात काढायचा नाही. हवा एकदम बदलली की सांधे उकलतात. डिसेंबरात दोन्हीकडच्या हवेतलं अंतर त्यातल्या त्यात कमी.

२१ डिसेंबर, इंदूर

सकाळी पोचले. गुरुभगिनीबरोबर काकूंकडे गेले. थंडी चांगली होती. काकूंनी स्वतः भिंतीवरच्या खुंटीवरून गवसणी उतरवली, गाठी सोडल्या, आणि तंबोरा माझ्या हातात न देता आधी स्वतः मांडीवर घेतला. त्यांना वाजवता येत नाही. सासूबाई पहाटे उठून बसायच्या, तो आवाज ऐकत आपण चहा टाकायचो, एवढंच म्हणाल्या.

मग मी बसले. फोटोतलं सगळं पुन्हा तपासलं, दोरा, पट्टी, टिचक्या. कागदावर लिहिलेलं आणि समोर असलेलं तंतोतंत जुळलं. मागे जिथे बद्द वाटलं होतं ती जागा मलाही लागली, पण बोटाला काही जाणवेना. अर्धा तास नुसता वाजवला. लाकूड छातीला लागून कापतं तेव्हा जे कळतं ते कुठल्याच फाइलमध्ये येत नाही, आणि ते चांगलं होतं.

१२ हजार तिथेच बसून काकूंच्या खात्यात पाठवले. भाच्याने बँकेचा निरोप आल्याची खात्री केली. संदेशावर न थांबता खात्यातली शिल्लक बघितली, ते योग्यच केलं.

बांधणी, पुढे कुणाला लागली तर : तारा पूर्ण काढल्या नाहीत. खुंट्या सोडून ताण निम्म्याहून कमी केला. सगळा ताण काढला तर घोडी सुटून हिंडण्याची आणि तबलीवर ओरखडे काढण्याची भीती असते. घोडीची जागा कागदी चिकटपट्टीने खूण करून ठेवली. तारा आणि तबलीमध्ये मऊ सुती कापडाची घडी. सूर बारीक जुळवायचे तारांवरचे मणी काढून डबीत. खुंट्यांना पंचा गुंडाळला, कारण गर्दीत पहिला धक्का खुंटीलाच बसतो. भोपळ्याभोवती काकूंनी दिलेली जुनी रजई, वर गवसणी, त्यावर दुसरी चादर शिवून. पत्राची प्रत माझ्या पर्समध्ये, वाटेत कुणी विचारलं तर.

२२ डिसेंबर, गाडीत

वरचा बर्थ मुद्दाम घेतला होता. तंबोरा भिंतीकडे, भोपळा उशीच्या बाजूला, मी कडेला. तिकीट तपासनिसांनी विचारलं, काय आहे? तंबोरा म्हटल्यावर, "सांभाळून न्या," म्हणून पुढे गेले. झोप नाही.

२४ डिसेंबर, मिरज

पुण्याला गाडी बदलून काल रात्री पोचले. सकाळी कारागिरांच्या गल्लीत. दारादारात वाळत टाकलेले भोपळे, तुणीच्या लाकडाचा भुसा, चपड्याचा वास. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. सतार आणि तंबोऱ्याच्या इथल्या कामाला यंदाच, २०२४ मध्ये, भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत मानांकनाबद्दल विचारलं तर कारागीर मान डोलावतात आणि कानस चालवत राहतात.

फोटो पाठवले होते त्या कारागीर चाचांनी गवसणी काढली, तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि सगळ्यात आधी भोपळ्याची मागची बाजू चाचपली. बद्द जागेवर अंगठा ठेवून म्हणाले, "इथे थिगळ आहे." पॉलिशखाली रुपयाएवढा तुकडा बसवलेला. फार पूर्वी, बहुधा इथल्याच कुणीतरी. मी विचारलं, काढायचं का? "कशाला? इतका चांगला हात होता. राहू दे."

गाडीत रात्रभर मी त्याच जागेबद्दल धास्तावले होते. फोटोत हे थिगळ दिसलं असतं तर मी हा तंबोरा सोडला असता आणि चुकले असते. बुजवलेली जखम आणि उघडी जखम यात फरक आहे. तो ओळखायला हात लागतो, माझा हात अजून तेवढा तयार नाही.

घोडी नवी. तिच्या माथ्याला कानशीने उतार देत, तार चढवून ऐकत, पुन्हा उतरवून घासत जवारी काढतात, ते काम अर्धा दिवस बसून बघितलं. एकदा त्यांनी बोटभर घासलं आणि तार बंद झाली, पुन्हा दोनच हात फिरवले आणि उघडली. तीन आठवडे ठेवून घेतो म्हणाले, घोडी बसू दे.

१८ जानेवारी २०२५

मिरजेहून आणला. एका मुलीचे वडील गाडी घेऊन आले होते. आंबा घाटात वळणावळणावर मी मागच्या सीटवर भोपळा मांडीत धरून. चाचांचे ४,२०० झाले. माझा सगळा प्रवास ३,१००, तंबोरा १३ हजार, आणि ते ऑक्टोबरातले १,५०० धरून एकूण २१,८००. ते १,५०० मी हिशोबातून वगळणार नाही.

२ फेब्रुवारी

वसंत पंचमी. मुलांसमोर गवसणी उघडली. सगळ्यात धाकट्या मुलीला जोडीची दुसरी तार लावायला बसवलं. वीस मिनिटं गेली. इतर मुलं चुळबुळली, मग हळूहळू तीही ऐकू लागली. एका क्षणी तिने खुंटी सोडली आणि माझ्याकडे न बघताच मान हलवली. लागली होती.

काकूंना व्हिडिओ कॉल लावला. मुलं गायला लागली. काकूंचा चेहरा फुललेला, पण थोड्या वेळाने कपाळाला आठी. "मुलांचा आवाज छान येतोय गं. पण तंबोरा का थांबवला?"

तंबोरा चालू होता. मला आधी सुचायला हवं होतं. मुलांना पुन्हा गायला लावलं, रेकॉर्डरवर चार मिनिटं घेतली, फाइल पाठवली आणि भाच्याला सांगितलं, हेडफोन लावून ऐकव.

रात्री साडेनऊला काकूंचा फोन आला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "पहाटे वाजवतेस का कधी?"

उद्यापासून.